छंद : वाचन

लग्नाच्या फॉर्मवर ‘छंद’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात झाडून सगळे ‘वाचन’ असं लिहितात. मीही लिहिलं होतं. खरं तर मला छंद असा काही नव्हताच. ऑफिस सुटलं की काळाचौकीला घरी यायचं, जेवायचं आणि मोबाइल बघत पडायचं, एवढाच माझा कार्यक्रम. पण फॉर्मवर ‘मोबाइल’ कसं लिहिणार? म्हणून वाचन.

गिरगावातल्या त्या वधू-वर सूचक मंडळात टेबलामागे बसलेल्या बाईंनी माझा फॉर्म वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. पगार, उंची, रक्तगट यांवरून बोट सरसर पुढे गेलं आणि ‘वाचन’पाशी थांबलं.

“शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?”

शेजारी आई बसली होती. तिने मुलाची बाजू सावरायची म्हणून सांगितलं, “तो पेपर रोज वाचतो.”

“पेपर सगळेच वाचतात. पुस्तक विचारतेय मी.”

मी आठवून आठवून कॉलेजात असताना हातात घेतलेल्या एका कादंबरीचं नाव सांगितलं. “शेवटी काय होतं त्यात?” बाईंनी विचारलं. शेवटापर्यंत मी पोचलोच नव्हतो, त्यामुळे टेबलाकडे बघत बसलो. बाईंनी लाल पेन काढलं आणि ‘वाचन’वर आडवी रेघ मारली. मग उठून कपाटाच्या माथ्यावरून दोन पुस्तकं काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

“ही दोन्ही वाचून ये. मग तुझं नाव नोंदवते. नाहीतर छंद बदल. ‘झोपणे’ लिही, माझी काही हरकत नाही. निदान खरं तरी असेल.”

जिना उतरताना आई म्हणाली, “बाई जरा सटकलेली आहे. पण खोटी वाटत नाही. वाच गपचूप.” अशा रीतीने वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लग्न जमावं म्हणून, मी वाचायला लागलो.

बाईंचं नाव सांगत नाही. मंडळात, चाळीत, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे त्या ‘बाई’च होत्या. अंगाने किरकोळ, फिकट रंगाचा पंजाबी ड्रेस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, “इतके फॉर्म वाचल्यावर कोण करेल?” मंडळ सर्व जातींसाठी होतं, म्हणजे फॉर्मच्या कपाटात सर्व जातींचे खण होते, पण वेगवेगळे. आम्हा बौद्धांचा खण खालून दुसरा. असा खण आहे ना, हे आईने आधी फोन करून विचारून घेतलं होतं. त्याच कपाटाच्या माथ्यावर बाईंची पुस्तकं उभी असत आणि तिथे मात्र जातवारी नव्हती. तिथे जोड्या होत्या.

एक कादंबरी आणि एक ‘खरं’ पुस्तक, अशी जोडी. खरं म्हणजे आत्मचरित्र, इतिहास, प्रवास, विज्ञान, जे कुणी मनाने रचलेलं नाही ते. बाई पुस्तक एकटं वाचतच नसत. सकाळी कादंबरीचं एक प्रकरण, संध्याकाळी खऱ्यातलं एक, असं दोन्ही बरोबरीने चालायचं, आणि पन्नासेक पानं झाली की दोघांचं पटतंय का ते त्या ठरवायच्या. नाही पटलं तर घटस्फोट आणि लगेच दुसरं स्थळ. “नुसत्या कादंबऱ्या वाचणारा माणूस जमिनीवर राहत नाही, आणि नुसतं खरं वाचणारा दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही,” असं त्यांचं मत होतं. फुटपाथवरून घेतलेल्या, आत कुणाकुणाचं नाव लिहिलेल्या पुस्तकाला त्या ‘बिजवर’ म्हणत. त्यात कमीपणा मानत नसत. उलट म्हणायच्या, “याला संसाराची सवय आहे.”

मला दिलेल्या पहिल्या जोडीत एक पातळ कादंबरी होती, गावाकडून बदली होऊन मुंबईत आलेल्या कारकुनाची. दुसरं पुस्तक कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांबद्दल होतं, एका निवृत्त इंजिनिअराने लिहिलेलं. पंधरा दिवसांनी मी जाऊन सांगितलं की कादंबरी आवडली, दीपगृहवाल्याने मात्र पार झोपवलं.

“का बरं?”

“रोज तेच करतो तो माणूस. काचा पुसा, तेल बघा, दिवा लावा. पानंच्या पानं तेच.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं. “तुझी बायकोही रोज तेच करणार आहे. तूही करणार आहेस. तेव्हा काय करशील, पानं उलटशील?”

बाईंनी तरीही माझं नाव नोंदवलं. ‘छंद’च्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘वाचन (नवीन)’.

जोडी फोडायची नाही हा त्यांचा कडक नियम होता आणि तो मी एकदाच मोडला. घाईत एकदा नुसती कादंबरी उचलून आणली आणि समुद्राच्या भरती-ओहोटीवरचं पुस्तक तिथेच राहिलं. दुसऱ्याच दिवशी बाई गिरगावातून बसने काळाचौकीला आल्या आणि तीन मजले चढून आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी घरी नव्हतो. आईने काय समजायचं? मंडळाच्या बाई स्वतः घरी आल्या म्हणजे स्थळच घेऊन आल्या. तिने शेजारणीला हाक मारून दूध मागवलं, साडी बदलली, कांदेपोहे केले आणि मग हळूच विचारलं, “मुलगी काय करते?”

बाई पोहे खात होत्या. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. “ही घ्या तुमच्या मुलाची राहिलेली बाजू.”

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई पुस्तकाकडे पाठ करून बसली होती. “एवढे पोहे केले मी,” ती म्हणाली. “शेंगदाणे टाकून.” पुढे आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलत होती. माझं लग्न नंतर ऑफिसातल्याच मुलीशी झालं, मंडळाचा काही संबंध आला नाही. बाई लग्नाला आल्या, आम्हा दोघांच्या हातात एकेक पुस्तक दिलं आणि म्हणाल्या, “सहा महिन्यांनी बदलून घ्या.” बायकोला वाटलं, साड्यांसारखी दुकानात बदलून मिळतात.

पुढे लोक मोबाइलवरच स्थळं बघायला लागले आणि मंडळ बंद झालं. कपाट भंगारात गेलं, पण न वापरलेल्या फॉर्मचे गठ्ठे बाईंनी रिक्षात घालून घरी आणले. खोताच्या वाडीमागच्या एका चाळीत त्यांची खोली होती. तिथे त्या प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाचा फॉर्म भरायच्या. वय म्हणजे प्रकाशनाचं साल. उंची म्हणजे पानं. प्रकृतीत बांधणी कशी आहे, पानं सुटतात का. ‘अपेक्षा’ या रकान्यात हे पुस्तक वाचणाऱ्याकडून काय मागतं ते. आणि सगळ्यात खाली ‘दोष असल्यास’. लग्नाच्या फॉर्मवर हा रकाना कोणीच भरत नसे. पुस्तकांच्या फॉर्मवर बाईंचं अक्षर तिथे बारीक होत होत कागदाच्या मागच्या बाजूला जायचं.

ते फॉर्म मी खूप वाचलेत. एका मोठ्या कारखानदाराच्या चरित्राबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘एकही दोष नाही असं लेखक म्हणतो. असं स्थळ मी दारातूनच परत पाठवलं असतं.’ हल्लीच्या एका तरुण लेखकाच्या गाजलेल्या कादंबरीबद्दल, ‘सगळे कॉफी पितात आणि खिडकीतून बाहेर बघतात. तीनशे पानांत कोणी कप विसळत नाही.’ या कादंबरीला त्यांनी शहरातल्या गटारांच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक जोडून दिलं होतं. मला म्हणाल्या, “आता कळेल तरी, त्या फ्लॅटमधलं पाणी जातं कुठे.” गंमत म्हणजे मी ती दोन्ही तशी बरोबरीने वाचली आणि ती कादंबरी मला एकदम आवडायला लागली. त्या लोकांच्या पायाखालून एवढं काय काय वाहतंय आणि त्यांना पत्ता नाही, हे कळल्यावर त्यांची कीव आली.

कोकणातल्या एका मोठ्या घराण्याची चारशे पानी कादंबरी होती. सासू, नणंदा, देव्हारा, आणि रडणारी धाकटी सून. तिच्या जोडीला बाईंनी दिलं होतं गिरणीत कापड विणायचा साचा चालवलेल्या एका बाईचं आत्मकथन, आमच्याच भागातल्या, आमच्याच समाजातल्या. “हिला त्या घरात दिली असती ना,” बाई म्हणाल्या, “तर आठवड्यात सगळे पुरुष विहिरीवर पाणी भरताना दिसले असते.” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी ते आत्मकथन आईला वाचायला दिलं. आई महिनाभर ते उशाशी घेऊन झोपायची.

मग डोळ्यांचं सुरू झालं. डावा डोळा आधीच अधू होता. पावसाळ्यात एके दिवशी त्या म्हणाल्या, “तुझे कान दिसतात मला, चेहरा दिसत नाही. ज्या अक्षराकडे बघते तेच अक्षर जातं, आजूबाजूची मात्र राहतात.” त्यांना दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, बाईंना आत बसवून ठेवलं आणि मला बाहेर बोलावलं. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, म्हणाले. उजवाही त्याच वाटेवर आहे. दिवाळीपर्यंत अक्षर दिसेल, फार तर डिसेंबर. उपाय नाही. आणि जाताजाता म्हणाले, “वाचल्याने काही बिघडत नाही. वाचायचं असेल तेवढं वाचू द्या त्यांना.”

मी आत गेलो. बाईंनी विचारलं, “काय म्हणाले रे?”

आणि मी म्हणालो, “डोळ्यांना आराम द्यायला सांगितलाय. दोन-तीन महिने वाचू नका म्हणाले, मग बघू.”

हे मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी मला ती दयाच वाटली होती. आराम म्हटलं की पुढे बरं होण्याची आशा राहते, एवढाच हिशेब होता. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की टॅक्सीत बसेपर्यंत मलाच ते खरं वाटायला लागलं.

बाईंनी पथ्य काटेकोर पाळलं. जन्मभर दुसऱ्यांना खरं बोलायला लावणारी बाई, तिला माझ्यावर शंका घेण्याचं कारणच काय होतं? पुस्तकं कापडाखाली झाकून ठेवली. दर रविवारी सकाळी मी जायचो आणि त्यांना वाचून दाखवायचो. खिडकीपाशी माझी खुर्ची, त्या कॉटवर डोळे मिटून बसलेल्या. एक प्रकरण कादंबरीचं, एक खऱ्याचं, मग चहा, मग त्या सांगतील तसा मी फॉर्म भरायचा. खरं सांगायचं तर ते रविवार मला फार आवडायला लागले होते. बाईंना माझी गरज आहे, यात मला सुख वाटत होतं.

गणपती होऊन गेले तेव्हा आमची जोडी होती ती अशी. कादंबरी होती भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या बाईची, आणि खरं पुस्तक एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणी. दादरच्या पुस्तकवाल्याने ‘नवीन आलंय, बरं आहे’ म्हणून दिलेलं. शनिवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी पुढची पानं चाळायचो, म्हणजे वाचताना अडखळायला नको. त्या शनिवारी चाळली आणि पोळी हातातच राहिली. पुढच्या प्रकरणात त्या शिक्षिकेची दृष्टी जाते. हळूहळू जाते आणि एका सकाळी दूध तापवताना तिला कळतं, असं सगळं सविस्तर लिहिलेलं.

रविवारी मी ती अकरा पानं एकत्र उलटली आणि पुढच्या प्रकरणापासून वाचायला लागलो. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मी पुस्तक मिटल्यावर म्हणाल्या,

“मागच्या रविवारी ही बाई एकटी मंडईत जाऊन पडवळ घेऊन आली. भाव केला, भांडली. आज सुनेचा हात धरून जिना उतरतेय. मधे काय झालं?”

“वय झालं असेल.”

“एका प्रकरणात?” त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या कानाकडे रोखून बघितलं, म्हणजे चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला. “किती पानं गाळलीस?”

“अकरा.”

“आंधळी होते ना ती?”

मी ती अकरा पानं चिमटीत धरून बसलो. बाई म्हणाल्या, “तू आता घरी जा.”

तो आठवडा वाईट गेला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पानांचं जाऊ दे. डॉक्टरांचं सांगितलंयस का त्यांना?” मी म्हटलं, नाही. ती उठून भांडी घासायला गेली आणि तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी जाऊ की नको करत गेलो. दार उघडंच होतं. “बस,” बाई म्हणाल्या. “आधी ती अकरा पानं.”

मी खिडकीपाशी बसून वाचली. चांगली लिहिलेली होती. कुठे रडारड नव्हती. ती शिक्षिका दूध उतू गेल्यावर आधी दूधवाल्यालाच बोल लावते, मग तिला कळतं की उतू जाताना आपल्याला दिसलंच नाही. बाईंचा चेहरा अगदी शांत होता. शेवटचं वाक्य झाल्यावर त्या म्हणाल्या, “बरं लिहिलंय. शेवटच्या पानावर उगाच देवाला मधे आणलंय, तेवढं नको होतं.”

मला हायसं वाटलं. वाटलं, मिटलं. पण बाई थांबल्या नाहीत.

“मंडळात मी एकदा एका मुलाच्या फॉर्मवर दोषाचा रकाना कोरा सोडला होता. त्याला फिट्स यायच्या. त्याच्या आईने मला विश्वासाने सांगितलं होतं. मुलगा सोन्यासारखा, मुलगी चांगली, म्हटलं कशाला मोडायचं? लग्न लागलं. वर्षाने ती मुलगी आली, माझ्यासमोर बसली. भांडली नाही. म्हणाली, ‘बाई, मला आधी कळलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं. पण ते माझं मी म्हटलं असतं.’” बाईंनी कॉटवरच्या चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. “संसार चांगला चाललाय तिचा. पण माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही. आता सांग, डॉक्टर तुला बाहेर बोलावून काय म्हणाले?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. दिवाळी सांगितली, डिसेंबर सांगितला.

“आणि आराम?”

“ते मी म्हटलं होतं.”

“वाचल्याने काही होणार नव्हतं?”

“नाही. वाचायचं तेवढं वाचू द्या, म्हणाले होते.”

इतकी वर्षं मी बाईंना ओळखत होतो. लाल पेनने लोकांची स्वप्नं खोडताना पाहिलं होतं, हसून हसून ठसका लागताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला आणि बोटांवर मोजलं. “सात रविवार,” त्या म्हणाल्या. “सात आठवडे मी डोळे मिटून बसले रे. दिसत असताना.”

“बाई, मला वाटलं…”

“तुला काय वाटलं ते नको मला.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अर्धवट सवयीने आणि अर्धवट माफी मागायची म्हणून, मी विचारलं, “कादंबरीचं पुढचं प्रकरण वाचू?”

बाई उठल्या. पुस्तकांवरचं कापड ओढून बाजूला टाकलं, वरून खालपर्यंत हात फिरवला आणि एक जाडजूड कादंबरी बाहेर काढली. मग तिच्या जोडीचं खरं पुस्तक. चष्मा चढवला, टेबलावरचं भिंग घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“ऐकायला पुढे जन्म पडलाय,” त्या म्हणाल्या. “तेव्हा ये. रोज ये हवं तर. आता ऊठ त्या खुर्चीवरून, उजेड अडतोय.”

मी उठलो. बाई खिडकीपाशी बसल्या, मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिलं पान वाचायला लागल्या, आणि मी आवाज न करता बाहेरून दार ओढून घेतलं.